भाषणातलं मूल

मला गप्प बसता येत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नाही आणि पायाला भिंगरी आहे, सासरी कसं निभणार देव जाणे." शाळेत शिकवायला लागल्यावर तर काय, माकडाच्या हाती कोलीत. चाळीस पोरं समोर मुकाट बसलेली असली की आपण बोलतो ते सगळं खरंच आहे असं माणसाला वाटायला लागतं. हे मी आज सत्तरी उलटल्यावर कबूल करते आहे. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेले असते.

दादा बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला साताऱ्याकडून चिंचवडला आला. वडील गेलेले, मी तेरा-चौदा वर्षांची, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तो चिकटला आणि वर्ष-दोन वर्षांत आईला आणि मला घेऊन आला. कॉलनीत दोन खोल्या, पुढे चार फुटांचा ओटा, मागे न्हाणी. त्या ओट्यावर बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला, दादाच्या पगारावर बीएस्सी, बीएड झाले, आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. घरातली पहिली शिकलेली मुलगी. माझ्या शब्दाला घरात नको इतकी किंमत होती. वर्तमानपत्रात काही आलं की आईसुद्धा आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

मी अकरावीत असताना वहिनी घरात आली. सातवी शिकलेली, अंगानं बारीक, हसताना तोंडावर पदर घेणारी. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी. मला ती 'मास्तरीणबाई' म्हणायची, मी मास्तरीण व्हायच्या कितीतरी आधीपासून. शिवण तिच्या हातात होतं. कॉलनीतल्या निम्म्या पोरांचे कपडे तिच्या मशिनीवरून गेलेले असायचे.

नऊ वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं आणि दोष दादात आहे, उपाय नाही, असं सांगितलं. हे तिघांनाच ठाऊक होतं. दादाला, वहिनीला आणि मला. आईला सांगायचं नाही हे वहिनीनंच ठरवलं. "त्यांना एकुलता एक मुलगा. कशाला त्यांच्या जिवाला घोर?" म्हणाली. मग आईनं तिलाच बोल लावले, शेजारणींनी तिलाच नवस सांगितले, आणि ती मान डोलवत ऐकून घेत राहिली. माझं डोकं फिरायचं. "एकदा सांगून का नाही टाकत?" असं मी म्हटलं की ती म्हणायची, "तू गप्प बस हं."

त्या साली शेजारी बारसं होतं. बाळाचं झबलं आणि टोपडं वहिनीनंच शिवलेलं, कडेनं बारीक निळी फुलं भरलेली. सकाळी ती ते द्यायला गेली तेव्हा बाळाच्या आजीनं झबलं घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "संध्याकाळी पाळण्यापाशी तेवढं येऊ नका हं. राग मानू नका, लोक बोलतात. जेवायला मात्र नक्की या." वहिनी घरी येऊन कणीक मळायला लागली. मला हे संध्याकाळी कळलं. मी तशीच पायात चपला सरकवल्या, शेजारी गेले, आणि भरल्या घरात त्या आजींना म्हटलं, "मग अंगातलं झबलंही काढा ना! वांझेच्या हातचं आहे ते!"

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. वहिनीही दोन दिवस बोलली नाही. त्या घरात तो शब्द तोपर्यंत कुणी उच्चारला नव्हता. तो मीच उच्चारला होता. पण हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्याच दिवसांत एका मासिकात मी बेडकाची हकीकत वाचली. परदेशात कुणी शास्त्रज्ञांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातली पेशी घेतली, तिच्यातलं केंद्रक एका रिकाम्या केलेल्या अंड्यात घातलं, आणि त्यातून अख्खा बेडूक वाढवला. बापाच्या बीजाची गरजच नाही! पहिल्या जिवाची हुबेहूब दुसरी प्रत. मी ते पान तीनदा वाचलं. माझ्यासमोर दादा आणि वहिनी उभे राहिले. बेडकाचं होतं तर माणसाचं का नाही? दादाच्या नखाएवढ्या कातडीतून दादाचं मूल का नाही? मग कोण वांझ आणि कोण नपुंसक? ही सगळी शिवीगाळच संपेल!

गणपतीत कॉलनीच्या मंडपात रोज काही ना काही असायचं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून गुरुवारचा कार्यक्रम सगळ्यात भरलेला. मंडळानं मला गुरुवार दिला. विषय तुम्हीच ठरवा म्हणाले. मी ठरवला.

तयारी करताना मला बटाटा सुचला. आमच्या शाळेचे शिपाईमामा राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावचे. तिकडे बटाट्याचं पीक. मी त्यांच्याकडून कोंब आलेले चार बटाटे मागवले. त्यांनी पिशवीतून आणून दिले आणि विचारलं, "भाषणात बटाटं कशाला, बाई?" मी सांगितलं, मामा, तुम्ही बटाट्याचे तुकडे करून लावता, प्रत्येक तुकड्याला एक डोळा, त्यातून पहिल्यासारखाच बटाटा येतो, तसंच उद्या माणसाचं होणार. मामा विचारात पडले. मग म्हणाले, "आमी तर दरसाल लावतो की. पर बाई, त्येच त्येच बेणं लावलं ना, तर बटाटा बारीक होत जातो. दोन-चार सालांनी भाईरनं नवं बेणं आणावंच लागतंय." मी म्हटलं, "मामा, तो रोगाचा प्रश्न आहे, तत्त्वाचा नाही." मामा म्हणाले, "आसंल बाई," आणि घंटा द्यायला गेले.

भाषण मात्र झकास झालं. आजही सांगते, तसं मी पुन्हा कधी बोलले नाही. बटाटा हातात धरून सुरुवात केली. मग जुळी मुलं. निसर्ग स्वतःच माणसाच्या प्रती काढतो, तेव्हा आपण पेढे वाटतो, मग माणसानं काढली की पाप कसं? मग म्हटलं, ज्यांना मूल नाही त्यांना आपण उपास सांगतो, नवस सांगतो, पाळण्यापासून लांब उभं करतो. या मंडपात अशी माणसं बसली आहेत. विज्ञान त्यांना सांगतं आहे की थांबा, तुमच्या स्वतःच्या शरीरातून तुमचं स्वतःचं मूल देऊ. दहा वर्षं! फार तर बारा!

एका आजोबांनी उठून विचारलं, "पोरी, आत्मा कुठून आणशील?" मी फाडकन म्हटलं, "आजोबा, जुळ्यातल्या दुसऱ्याला जिथून येतो तिथूनच!" टाळ्याच टाळ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आमच्या फोरमनची दुसरी प्रत काढू नका, एकच भारी पडतोय!" मंडप हसून लोटपोट झाला. वहिनी बायकांमध्ये तिसऱ्या ओळीत बसली होती. ती हसत नव्हती, टाळ्याही वाजवत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, भारावून गेली आहे.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर जाताना सायकल हातात धरून ओट्यापाशी रेंगाळला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते खरंच होईल का गं?" मी म्हटलं, होणारच. तो म्हणाला, "आमच्याकडे एका नमुन्यावरून शंभर पीस काढतो. दिसायला एकसारखे. मापाचं गेज लावलं की कळतं, प्रत्येक जरा जरा वेगळा." मग हसून म्हणाला, "असू दे वेगळा. चालेल." एवढं बोलून तो गेला. इतक्या वर्षांत मूल या विषयावर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. 

आईनं आधी नाक मुरडलं. "काहीतरीच खूळ!" म्हणाली. पण चार दिवसांनी लसूण सोलता सोलता हळूच विचारलं, "गेलेल्या माणसाचं होतं का गं तसं?" मी म्हटलं, नाही, जिवंत पेशी लागते. तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. मग म्हणाली, "तुझ्या दादाचं झालं तरी पुष्कळ. तो अगदी त्यांच्यावरच गेलाय. हनुवटी बघ, चालणं बघ." मी मान डोलावली. वडिलांचं चालणं मला धड आठवतही नव्हतं.

त्याच महिन्यांत वहिनीचं काय चाललं होतं हे मला उशिरा कळलं. शिवणाच्या उरलेल्या तुकड्यांचे फ्रॉक करून ती पुण्याच्या एका अनाथ मुलांच्या संस्थेत द्यायला गेली होती. बारशाच्या त्या प्रकारानंतर शिवायचं तरी कुणासाठी, असं तिला झालं असणार. तिथे एक मुलगी होती, दोन वर्षांची. नुकतीच चालायला-बोलायला लागलेली, कपाळावर लहानसा व्रण, आणि एक सवय. कुणी पाहुणं आलं की ती कोपऱ्यातून स्वतःच्या चपला हातात घेऊन यायची आणि त्या पाहुण्याच्या पायापाशी मांडून उभी राहायची. मला ने, असं. वहिनी पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं चपला आणून मांडल्या, आणि वहिनी घरी आली ती तापच घेऊन.

पुढच्या गुरुवारी ती दादाला घेऊन गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. तिसऱ्या खेपेला म्हणे ती मुलगी इतर कुणाकडे गेली नाही, सरळ वहिनीकडेच आली. दादाही विरघळला. संस्थेच्या बाई म्हणाल्या, घरच्यांचं एकमत करा आणि या, बाकीचं आम्ही बघतो.

मला वहिनीनं हे स्वयंपाकघरात सांगितलं, भाकरी थापत. तोंडावर असा आनंद की मला बघवेना. मी म्हटलं, "अगं पण वहिनी, थोडी वाट बघितलीस तर दादाचंच…" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"ते यांच्यातून होणार ना? नखातून, कातडीतून?"

"हो."

"मग त्यात माझं काय असेल?"

"तुझं? तू नऊ महिने वाढवशील ना पोटात. जन्म देशील. मोठं करशील. ते तुझंच!"

"म्हणजे मोठं केलं की माझं," ती म्हणाली. "मग हिला मोठं केलं तर काय बिघडलं, मास्तरीणबाई?"

 मी हसले आणि म्हटलं, "तू म्हणजे ना, वकीलच व्हायला हवी होतीस!" ती पण हसली. हात पिठाचे होते म्हणून पदर घेता आला नाही, तशीच हसली. म्हणाली, "गुरुवारी आईंपुढे विषय काढणार आहेत हे. तू आहेस ना माझ्या बाजूनं? तू बोललीस की त्या ऐकतील." मी म्हटलं, आहे म्हणजे काय, आहेच! आणि मला तेव्हा खरोखर तसंच वाटत होतं.

गुरुवारी रात्रीची जेवणं झाल्यावर दादानं विषय काढला. आई जी भडकली! कुणाचं रक्त, कुठल्या जातीचं, आईबाप चोर की दरवडेखोर, आपल्या घराण्यात असलं कधी झालं नाही. हे सगळं अपेक्षितच होतं. मी बाह्या सरसावून बसले होते. पण आई एकदम माझ्याकडे वळली.

"तूच सांग गं. तू एवढ्या माणसांपुढे सांगितलंस ना, याचंच मूल होऊ शकतं म्हणून? की सगळ्या थापा होत्या?"

"थापा कशाला असतील?" मी फणकारले.

"मग किती वर्षं म्हणालीस?"

"दहा. फार तर बारा."

"झालं तर! नऊ गेली तशी दहा जातील. स्वतःचं येणार असताना दुसऱ्याचं उचलून आणायचं कशाला? सांग ना!"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत ते "असू दे वेगळा, चालेल" होतं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एवढंच म्हणायचं होतं: आई, ते होईल तेव्हा होईल, कदाचित होणारही नाही, ही पोर आज आहे, तिला आणू या. पण तसं म्हणायचं म्हणजे माझ्या भाषणातल्या दहा वर्षांना मीच कात्री लावायची. अख्ख्या कॉलनीनं टाळ्या वाजवलेल्या. आणि खोटं कशाला सांगू, दादाच्या हनुवटीचं ते मूल मलाही हवं होतं. मला ते दिसायला लागलं होतं.

मी म्हटलं, "थोडं थांबून बघायला हरकत नाही."

वहिनी आत जाऊन भांडी घासायला लागली. आई म्हणाली, "बघा! शिकलेली पोरगी आहे माझी." आणि विषय मिटला.

संस्थेला कळवायचं होतं. दादानं दोन ओळींची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, "तूच जा. माझ्यानं नाही व्हायचं." रविवारी माझी शाळा बंद. मी बसनं पुण्याला गेले. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी करून ठेवली आणि म्हणाल्या, "बरं." ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. मी उठले तर ती मुलगी दारात. कपाळावर व्रण, हातात चपला. माझ्या पायाशी तिनं त्या मांडल्या नाहीत. माझ्या मागे बघत राहिली, अजून कुणी येतंय का ते. मी बाजूनं निघून आले.

घरी पोचले तेव्हा वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "दिसली का?"

खरं सांगायचं तर मला सांगावं लागलं असतं की दिसली, आणि तुझ्यासाठी माझ्या मागे बघत होती. माझ्या तोंडून निघालं, "नाही गं. कालच कुणीतरी घेऊन गेलं तिला. डॉक्टर आहेत म्हणे. दोन मुलगे आहेत, मुलगी हवी होती."

वहिनीचा हात सुपात थांबला. "दोन भाऊ मिळाले म्हणजे," ती म्हणाली. "बरं झालं." आणि पुन्हा खडे वेचायला लागली. एवढं सोपं गेलं म्हणून मला हायसं वाटलं, ते आज आठवलं तरी स्वतःची चीड येते.

त्यानंतर वहिनीनं एक चाल धरली. दर वर्षी गणपतीत, मंडप उभा राहायला लागला की ती मला विचारायची, "काय गं मास्तरीणबाई, आलं का काही तुझ्या मासिकात?" मी म्हणायची, प्रयोग चालू आहेत, उंदरांवर चालू आहेत, वेळ लागतो. "हो का," ती म्हणायची. मग माझं लग्न झालं, मी तळेगावला गेले, तरी गणपतीला माहेरी आले की तोच प्रश्न. परदेशात नळीतलं बाळ जन्मल्याची बातमी आली त्या साली तिनं ते कात्रण जपून ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. "हेच का ते?" मी समजावलं, की नाही गं, हे वेगळं, याला आईबाप दोघांचं बीज लागतं, आपलं ते याच्या पुढचं. "म्हणजे अजून थांबायचं," ती म्हणाली. तोवर तिच्या केसांत पांढरं आलं होतं. दादानं कधीच काही विचारलं नाही. तो ओव्हरटाइम करत राहिला.

मला मुलगा झाला तेव्हा बारशाला मी वहिनीलाच पाळण्याशी उभं केलं. पहिली दोरी तिच्याच हातात. सासूबाईंनी भुवया उंचावल्या, मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, फिटलं. वहिनीनं पाळणा छान म्हटला. नंतर बाळाचे मोजे काढून त्याच्या तळव्यांना खूप वेळ तेल लावत बसली.

आई ऐंशी सालानंतर लवकरच गेली. शेवटी शेवटी तिला भ्रम व्हायचा. दादा खोलीत आला की ती त्याला वडील समजून पदर सावरून बसायची. चौदा दिवस झाल्यावर मी आणि वहिनी तिची ट्रंक आवरत होतो. दुपारची वेळ, दादा कामावर गेलेला. मला काय झालं कुणास ठाऊक. कदाचित आता आईच्या आड लपता येणार नव्हतं म्हणून असेल. लुगड्यांच्या घड्या घालता घालता मी म्हटलं, "वहिनी, एक सांगायचंय. ती मुलगी… तिला कुणी डॉक्टर घेऊन गेले नव्हते. मी खोटं बोलले."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, कसं?

"पुढच्या आठवड्यात मी गेले होते," तिनं लुगडं झटकलं. "तू सांगितलंस ना, डॉक्टर, दोन भाऊ. मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, बाईंना विचारावं त्यांचं घर कुठे, लांबून एकदा बघून येईन. गेले, तर ती तिथेच."

"मग… मग तू बोलली का नाहीस? सात वर्षं?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. दर गणपतीत विचारत होते की तुला."

 म्हणजे मासिकात काय आलं ते ती विचारत नव्हती. आणि मी तिला दर वर्षी उंदरांची प्रगती सांगत होते!

"अगं पण मग आणलं का नाहीस तिला?" मी जवळजवळ ओरडलेच. अजूनही आवाज माझाच चढलेला. "भांडायचं होतंस! आईशी भांडायचं, माझ्याशी भांडायचं!"

"कुणाच्या जिवावर भांडू?" ती शांतपणे म्हणाली. "आईंना ती नको होती. यांना तुझं भाषण हवं होतं. घरात माझ्या बाजूची तू एकटी होतीस. आणि तूच खोटं बोलून मोकळी झालीस, म्हणजे तुलाही नकोच होती. तिघं नको म्हणणाऱ्या घरात मी तिला आणून काय सुख दिलं असतं? रोज कुणाच्या ना कुणाच्या पायाशी चपला मांडत बसली असती."

मी रडायला लागले. मला कधी हळू रडता येत नाही. वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनंच माझी समजूत घालावी याची मला इतकी लाज वाटली की मी तो हात झटकला.

त्यानंतर मी पुण्याला जाऊन आले. संस्थेत आधीच्या बाई नव्हत्या. नव्या बाईंनी सांगितलं की मोठ्या मुलींना दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवतात, आणि कुणाची माहिती बाहेर देता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी कोण होते विचारणारी?

आता मेंढीचं झालं म्हणतात, आणखी कशाकशाचं झालं म्हणतात. माणसाचं अजून नाही. होईलही. कुणी तसं मूल मागितलं तर त्याला हसू नये, पापी म्हणू नये, असं मला आजही वाटतं. त्या मंडपात मी जे बोलले त्यातली तेवढी गोष्ट खरी होती. पण जे मूल जगात कुठेच नव्हतं त्याच्यासाठी मी घसा फोडून बोलले, आणि जी पोर माझ्या पुढ्यात उभी होती तिच्यासाठी मला एक वाक्य बोलता आलं नाही.

त्या दुपारी, ट्रंक बंद करताना, मी वहिनीला एवढंच विचारलं होतं, "तू गेलीस तेव्हा तिनं ओळखलं का तुला?"

"न ओळखायला काय झालं?" वहिनी म्हणाली. "पळत आली. त्या दिवशी चपला हातात नव्हत्या, पायात घालूनच आली. घाईत उजवी डाव्या पायात घातली होती. मी खाली बसून सरळ करून दिल्या आणि बसला आले."